आइसलँडच्या हायलँड्समध्ये जीपने फोटो काढायला जाताना

गाईडसह प्रायव्हेट जीप टूर घेऊन फोटो काढायला जायचं, तर पहिलं काम बॅग भरण्याचं नाही, कॅलेंडर बघण्याचं. आइसलँडच्या मधल्या उजाड पठारावरचे, म्हणजे हायलँड्समधले, डोंगरी रस्ते नंबराआधीच्या ‘एफ’ अक्षरावरून ओळखले जातात, आणि हे एफ-रोड वर्षातले बरेच महिने बंदच असतात. बर्फ वितळून जमीन जरा घट्ट झाली की साधारण जूनच्या मध्यापासून एकेक उघडायला लागतो, काही तर जुलै उजाडल्यावर. पक्की तारीख कोणीच देत नाही, कारण ती त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढून टाकलं, तर लांडमन्नालॉयगरचे रंगीत डोंगर पुढच्या खेपेवर जाण्याचीच शक्यता जास्त.

महिना ठरवताना उजेडाचाही हिशेब करा. जूनच्या अखेरीस राजधानी रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या आसपास पुन्हा वर येतो. मधल्या वेळात अंधार असा पडतच नाही. एरवी अर्ध्या तासात हातातून निसटणारा तिरपा उजेड तिथे तासन् तास रेंगाळतो. पण त्याचा फायदा रात्री दहानंतर बाहेर असणाऱ्यालाच. दिवसा अकरा वाजता तोच डोंगर सपाट दिसतो. मला विचाराल तर मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडेन: रस्ते बहुतेक उघडे असतात, संध्याकाळ माणसाच्या वेळेला होते आणि आकाश निरभ्र असेल तर नॉर्दर्न लाइट्स दिसण्याची शक्यताही सुरू झालेली असते. ज्यांना मध्यरात्रीचा उजेडच हवा आहे, त्यांनी जुलैचा पहिला पंधरवडा घ्यावा आणि दिवसा झोपायची तयारी ठेवावी.

आता ‘ऑफ-रोड’ या शब्दाचं बघू, कारण त्यावरून भलत्या अपेक्षा घेऊन माणसं येतात. आइसलँडमध्ये रस्ता किंवा आखलेली वाट सोडून गाडी घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. हिमनदीवर, किंवा जमीन गोठून वर बर्फ साचलेला असेल तेव्हाच सवलत. दंड जबर आहे आणि नुकसान गंभीर असेल तर तुरुंगापर्यंत तरतूद आहे. म्हणजे टूरच्या नावात काहीही असो, चाकं वाटेवरच राहणार. फक्त ती वाट दगडाधोंड्यांची, राखेची आणि अधूनमधून नदीतून जाणारी असणार. फोटोसाठी ‘जरा इकडे वळवा की’ असं ड्रायव्हरला म्हणू नका. त्याचं लायसन्स पणाला लागतं. आणि जो ड्रायव्हर हसून वळवतो, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

हाच नियम स्वतःच्या पायांनाही लावा. लाकी इथे १७८३-८४ मध्ये जो उद्रेक झाला, त्याच्या लाव्ह्यावर आज शेवाळाची जाड गादी आहे. बोटाने दाबलं तर बोट आत जातं, इतकी मऊ. बूट मात्र ती फाडतो, आणि ते ठिगळ भरून यायला कित्येक दशकं लागतात. ट्रायपॉडचे पाय उघड्या दगडावर किंवा वाळूवर ठेवायचे, शेवाळावर नाही. फ्रेम त्यामुळे दोन फूट डावीकडे सरकली तर सरकली.

यादीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू बॅगेत मावत नाही. ती म्हणजे निघायच्या तीन-चार आठवडे आधी गाईडला लिहिलेली सविस्तर मेल. प्रायव्हेट टूरचे पैसे आपण जीपचे देतो असं वाटतं, पण खरं तर देतो ते थांबण्याचे. दहा जणांच्या गाडीत ‘पंधरा मिनिटं’ म्हणतात आणि सोळाव्या मिनिटाला हॉर्न वाजतो. इथे तुम्ही एका ढगासाठी पाऊण तास उभे राहू शकता, पण ते त्या माणसाला आधी माहीत हवं, नाहीतर तो प्रेमाने तुम्हाला दिवसात नऊ जागा फिरवून आणेल. मेलमध्ये स्वतः काढलेले पाच-सहा फोटो जोडा, इंटरनेटवरून उचललेले नकोत. त्यावरून त्याला तुमची नजर कळते: हा माणूस रुंद आकाशवाला आहे की डोंगराच्या रेघा टिपणारा. जागा तीन किंवा चार, त्याहून जास्त नाही, हे स्पष्ट लिहा. आस्क्याचं विवर एका दिवसात कोंबण्याचा हट्ट धरू नका. १९६५ आणि १९६७ मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांना भूगर्भशास्त्र शिकवायला तिकडेच नेलं होतं, जागा तशी चंद्रासारखीच आहे, पण रेक्याविकहून ती एका दिवसाची गोष्ट नाही.

त्याच मेलमध्ये काही प्रश्न विचारून टाका. दुपारी चारला निघून रात्री दोनला परत असा दिवस चालेल का? ड्रायव्हरलाही झोप हवी असते, त्यामुळे उशिरापर्यंत थांबायचे किंवा पुढच्या सकाळी न येण्याचे पैसे वेगळे पडतील का? रस्ता बंद निघाला तर पर्यायी मार्ग कोणता आणि पैसे परत मिळण्याची अट काय? आइसलँडच्या पर्यटन खात्याचा दिवसभराच्या टूरसाठीचा परवाना आहे का? खिडकीच्या जागा किती? आणखी एक प्रश्न लोक विचारत नाहीत: गाडीत वॉकीटॉकी आहे का? काळ्या वाळवंटात प्रमाण दाखवायला जीपच उत्तम. तुम्ही टेकडावर उभे, जीप वाटेवरून पुढे गेलेली, आणि ‘अजून थोडं, आता थांबा’ हे सांगायला रेडिओ. शेवाळाने हिरवागार झालेला माइलीफेलचा सुळका, भोवती सपाट काळी वाळू आणि वाटेवर नखाएवढी गाडी. हा फोटो रेडिओशिवाय जमवायला गेलो तेव्हा हातवाऱ्यांतच अर्धा तास गेला आणि ऊन निघून गेलं.

बरोबर कोण येणार हेही आधी प्रामाणिकपणे ठरवा. फोटोत रस नसलेल्या माणसाला वाऱ्यात पाऊण तास उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तासाभराने तो तुमच्यावरही होतो.

नद्यांचा अंदाज ड्रायव्हरचा, पण वेळापत्रक समजून घेतलेलं बरं. हिमनदीतून निघणाऱ्या नद्या सकाळी उतरलेल्या असतात आणि दुपारच्या वितळण्याबरोबर चढतात. थोर्समोर्क दरीच्या वाटेवरची क्रॉसाउ नदी त्यासाठी बदनाम आहे. म्हणून गाईड ‘तिकडे सकाळी जाऊ’ म्हणाला तर उजेडाचं कारण देऊन वाद घालू नका. मोठ्या टायरच्या या जीपना सुपरजीप म्हणतात. खडबडीत वाटेवर किंवा बर्फावर ड्रायव्हर टायरमधली हवा कमी करतो आणि डांबरी लागल्यावर कॉम्प्रेसरने पुन्हा भरतो. हवा सोडताना तो थांबतो ती पाच-दहा मिनिटं तुमची. कॅमेरा हाताशी ठेवा. स्वतः गाडी भाड्याने घेऊन जाण्याचा विचार असेल तर एवढंच: नदीत पाणी शिरून झालेलं नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा बसत नाही.

ज्वालामुखीचं बेट आहे, तेव्हा जमिनीवरही एक नजर हवी. हेक्ला या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक २००० सालचा. हा डोंगर पूर्वसूचना फार कमी देतो, तासाभराच्या आसपास. लांडमन्नालॉयगरला जाणारा एफ २२५ त्याच्या उत्तरेकडून जातो. काट्ला हा दुसरा ज्वालामुखी मीरदालस्योकुल हिमनदीच्या पोटात आहे. १९१८ नंतर त्याचा मोठा उद्रेक झालेला नाही, पण जुलै २०२४ मध्ये त्याच हिमनदीतून आलेल्या पुराने बेटाभोवतीचा मुख्य हमरस्ता तोडला होता. यासाठी घाबरायचं नाही, दोन गोष्टी करायच्या. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवायचा, आणि फोन चालू ठेवायचा, कारण धोका असला की त्या भागातल्या फोनवर सरकारी मेसेज येतो. हायलँड्समध्ये रेंज जागोजाग जाते, तेव्हा कुठे जाणार आणि कधी परतणार हे सेफट्रॅव्हलच्या साइटवर नोंदवून ठेवा. आणीबाणीचा नंबर ११२. वाफा निघणाऱ्या जागी किंवा ताज्या लाव्ह्याजवळ गाईड सांगेल तिथेच उभं राहायचं. खोलगट भागात विषारी वायू साचतो, वारा पडला की आणखीच, आणि वास येईलच असं नाही. वरून काळी, थंड दिसणारी लाव्ह्याची साय पायाखाली फुटू शकते. चांगला कोन तिकडेच असतो हे मान्य, तरीही.

आता कॅमेरा. एक रुंद, एक मधली आणि एक सत्तर-दोनशेची लांब लेन्स. तिघांतून एक काढायची वेळ आली तर मी रुंद लेन्स घरी ठेवेन. लांडमन्नालॉयगरचे पिवळे, तांबूस, हिरवट डोंगर रुंद लेन्समध्ये नुसते डोंगर होतात. लांब लेन्सने त्यातला एकच उतार कापून घेतला, की बर्फाचे पट्टे आणि मातीच्या रेघा दिसायला लागतात. दोन कॅमेरा बॉडी असतील तर दोन्ही न्या. हौस म्हणून नाही, लेन्स बदलावी लागू नये म्हणून. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काच. वाऱ्यात ती आडवी उडते. लेन्स बदलायचीच झाली तर जीपमध्ये, दारं बंद करून, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. काचेवर कण बसला तर कापड लावायच्या आधी ब्लोअर मारा. फडक्याने पुसलं की तोच कण सँडपेपरसारखा काचेवरून फिरतो. एका वादळी दुपारी माझ्या फिल्टरवर असा एक कमानीसारखा ओरखडा उमटला, तो आजही प्रत्येक सूर्यास्तात दिसतो.

पोलरायझर फिल्टर हवाच: ओल्या शेवाळावरची चकाकी तो काढतो आणि हिरवा रंग खाली उरतो. गाडीच्या काचेतून काढताना मात्र उतरवा. १२२ मीटरच्या हाउइफॉस धबधब्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आणि कोरडी मायक्रोफायबर फडकी चार तरी. वारा तुमच्याकडे वळला की धबधब्याचे तुषार थेट काचेवर येतात. ट्रायपॉड वजनदार, आणि मधला दांडा वर न काढता वापरायचा. जीपच्या खिडकीतून काढणार असाल तर कॅमेऱ्याला टेकू म्हणून राजमा भरता येईल अशी रिकामी पिशवी न्या, आणि इंजिन बंद करायला सांगायला लाजू नका. ते चालू असलं की पिशवीसकट सगळं थरथरतं. काळी वाळू फ्रेमभर असेल तेव्हा कॅमेऱ्याचा मीटर तिला राखाडी करायला बघतो, एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, खाली घ्या. बर्फाला उलट. आणि वाळूत पाऊल टाकायच्या आधी फ्रेम ठरवा, नाहीतर पुढचा तासभर स्वतःचेच ठसे चुकवत बसाल.

ड्रोन असेल तर परवानगीचं आधी बघा. वात्नायोकुल आणि थिंगवेत्लिर या राष्ट्रीय उद्यानांत ती लागते, आणि लाँगिस्योरचा तो लांबच लांब तलाव वात्नायोकुलच्या हद्दीत येतो, हे तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही. बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंतच्या सहसा विनातक्रार जातात. थंडीत बॅटरी लवकर बसते, जास्तीच्या दोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स नको, सुती काही नको. आत लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि तशीच पँट. उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. छत्री आणू नका, वारा ती उलटी करून देईल. पातळ हातमोजे आणि वर जाड, म्हणजे बटणं दाबता येतात. डोळ्यांना गॉगल. ओढे पायी ओलांडायला जुने, पाणी निघून जाणारे बूट. लांडमन्नालॉयगरला गरम पाण्याचा झरा आहे, पोहण्याचे कपडे आणि टॉवेल वरच्या कप्प्यात ठेवा. आणि उतरताना दार दोन्ही हातांनी धरा. वारा मागून आला तर ते हातातून सुटून बिजागरीसकट वाकतं. ही गोष्ट तिथले ड्रायव्हर नमस्कार करायच्या आधी सांगतात.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. त्याला ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण त्यात कॅमेरा धरलेला नसतो, त्याची सोय वेगळी. चलन क्रोना, पण नोटा बदलून घ्यायची गरज पडत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. हायलँड्समध्ये मात्र दुकानं जवळपास नाहीतच. खाणं आणि पाण्याची बाटली रेक्याविकहून भरूनच निघा.

शेवटची वस्तू सगळ्यांत स्वस्त: एक जुना टूथब्रश. रात्री हॉटेलवर आलात की मेमरी कार्ड दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत बॅगेच्या चेनी, ट्रायपॉडचे सांधे आणि बुटांच्या शिवणी त्याने झाडून काढा. टेबलावर पांढरा कागद पसरा, किती वाळू निघते बघा.