या चुका टाळा: नवे वाचक नंतर, आधी जुन्या लिंक उघडून बघा

मी ब्लॉग लिहिते आणि इतरांचे दुरुस्तही करून देते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "वाचक कसे वाढवायचे?" मी उलट सांगते, तुमच्या ब्लॉगवरचा तीनेक वर्षांपूर्वीचा एखादा लेख आत्ता फोनवर उघडून दाखवा. बहुतेकांची तिथेच पंचाईत होते. लेख सापडत नाही. सापडलाच तर फोटोंच्या जागी राखाडी चौकोन, आणि शेवटी ‘पुढील भाग लवकरच’. तो भाग कधी आलेलाच नसतो. नव्या वाचकाला आणून बसवायचं कुठे?

तेव्हा खाली ‘वाढीची गुपितं’ शोधू नका. डागडुजीच आहे.

लेखाचा पत्ता बदलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर. पत्ता म्हणजे लेखाची लिंक.

ओळखीतले एक काका बेस्टमधून निवृत्त झाले. दादरला राहतात. हाताशी वेळ, डोक्यात सगळे बसमार्ग आणि स्वभाव नोंदी ठेवणाऱ्याचा. त्यांनी ब्लॉगर या गूगलच्या मोफत सेवेवर मुंबईच्या बसगाड्यांवर लिहायला घेतलं. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावलेल्या शेवटच्या ट्रामबद्दल वडिलांकडून ऐकलेलं, १९३७ मध्ये आलेली डबलडेकर, तिच्यात एक वर आणि एक खाली असे दोन कंडक्टर, वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी पोरांची चढाओढ. डबलडेकरवरचा तो लेख तर शाळेच्या बॅचपासून सोसायटीपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता.

मग भाच्याने ब्लॉग ‘अपग्रेड’ केला. ब्लॉगरवरून वर्डप्रेस या दुसऱ्या सेवेवर. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तेच, रूप एकदम झकास, काकाही खूश. पण ब्लॉगरवरच्या लेखाच्या पत्त्यात वर्ष, महिना, मग लेखाचं नाव आणि शेवटी ‘एचटीएमएल’ असतं. भाच्याने वर्डप्रेसमध्ये नुसतं नाव ठेवलं. का, तर "मामा, ते क्लीन दिसतं." एका संध्याकाळीत सगळ्या जुन्या लिंक मेल्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण काका ब्लॉग उघडायचे तो मुखपृष्ठावरून, आणि तिथून सगळं नीट उघडत होतं.

समजलं ते १५ सप्टेंबर २०२३ ला. त्या दिवशी जुन्या डिझेल डबलडेकरची शेवटची फेरी झाली, अंधेरीहून सीप्झकडे जाणारी ४१५ नंबरची. जो तो आठवणी काढत होता, आणि काकांच्या लेखाची जुनी लिंक पुन्हा ग्रुपाग्रुपांत फिरायला लागली. जो उघडेल त्याला एकच ओळ: हे पान सापडलं नाही. रात्री त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "काय रे, लेख काढून का टाकलास?"

उपाय होता, आणि तोही फुकट. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात ब्लॉग जोडलेला असेल तर न सापडणाऱ्या पानांची यादी तिथे मिळते. ती काढली, उरलेले पत्ते ग्रुपमधल्या जुन्या मेसेजमधून आणि जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवरून जमवले, आणि प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे नवा पत्ता लिहिला. वर्डप्रेसवर ‘रीडायरेक्शन’ नावाचं मोफत प्लगइन, म्हणजे जादा सोय जोडणारी पुरवणी, आहे. त्यात जुन्याकडून नव्याकडे ‘३०१’ प्रकारची वळवणी टाकली. ३०१ म्हणजे मुक्काम कायमचा हलला आहे, असं ब्राउझरला आणि गूगललाही सांगणं. भाच्याने पहिल्याच दिवशी वर्डप्रेसची पत्त्याची रचना जुन्यासारखी वर्ष-महिना-नाव-एचटीएमएल अशी ठेवली असती, तर यातली बरीचशी उठाठेव वाचली असती. ब्लॉगरवर राहणाऱ्यांनाही सेटिंग्जमध्ये ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’खाली ही सोय आहे.

माझी सवय अशी: ब्लॉगला हात लावण्याआधी सगळ्या लेखांचे पत्ते एका शीटमध्ये उतरवून घ्यायचे. काम झालं की व्हॉट्सॲपवर पूर्वी पाठवलेल्या आठ-दहा लिंक फोनवरून, लॉगिन न करता, उघडून बघायच्या. मुखपृष्ठावरून नाही. आणि ‘क्लीन दिसतं’ एवढंच कारण देणाऱ्याच्या हाती पासवर्ड द्यायचा नाही.

पत्त्याचाच दुसरा भाग. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर त्यातली देवनागरी अक्षरं गाळतो आणि पत्ता होतो ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एक आकडा. शंभर लेख, सगळ्यांचं नाव तेच. वर्डप्रेस देवनागरी ठेवतो, पण लिंक कॉपी केली की तिची टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली रांग होते: देवनागरीतल्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं. मात्रा आणि अनुस्वारसुद्धा वेगळे मोजले जातात, म्हणजे एकट्या ‘मुंबई’ची ४५. वर्डप्रेसची मर्यादा २०० अक्षरांची, त्यामुळे लांब शीर्षक बावीसएक चिन्हांनंतर मध्येच तुटतं. अशी लिंक ग्रुपवर पडली की लोकांना ती फसवणुकीची वाटते, आणि त्यांचं काही चुकत नाही. प्रकाशित करण्याआधीच पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत हाताने लिहा. प्रकाशित केल्यानंतर सुचलं तर गप्प बसा आणि पुढच्या लेखापासून सुरू करा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही आजच बघा. ‘साइट करून देणाऱ्या’ने ते स्वतःच्या ईमेलवर घेतलं असेल, तर नूतनीकरणाची सूचना त्याला जाते, तुम्हाला नाही. तो नोकरी बदलून पुण्याला गेला की संपलं.

सगळ्यांनी लिहिलेलंच पुन्हा लिहिणं

‘मुंबईतील १० प्रेक्षणीय स्थळे’. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन. हा लेख मला अभिप्रायासाठी इतक्या वेळा आलाय की आता शीर्षक वाचूनच चहा टाकायला उठते. लिहिणारा मुलुंडला राहतो, तिथल्या गल्ल्या त्याला तोंडपाठ, आणि लिहितो गेटवेवर, जिथे तो पाहुणे आल्याशिवाय जात नाही.

याच्या उलट एक उदाहरण. विलेपार्ल्याच्या एक बाई स्वयंपाक आणि सणावारांबद्दल लिहितात. त्यांच्या सुनेने परदेशातून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई, जिवतीच्या कागदावर कोण कोण असतं?" बाईंनी त्यावर लेखच लिहिला. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती, प्रत्येकाबद्दल चार ओळी. आरतीचं आणि वाणाचं साहित्य. आणि दादरला स्टेशनबाहेर हा कागद कोणत्या दुकानांत मिळतो. कागदाचा फोटो स्वतः काढलेला, हळदीच्या बोटासकट. दर श्रावणात त्या लेखावर लोक येतात. बाई काय करतात? आषाढ संपता संपता दादरला जातात तेव्हा दुकानं आहेत का बघतात, एक-दोन ओळी बदलतात, वर ‘या वर्षी तपासलं’ असं लिहितात. एवढंच. नवा लेख नाही, कोर्स नाही, रील नाही.

जुना लेख दुरुस्त करणं नवशिक्यांना काम वाटतच नाही. त्यांना रोज नवं हवं असतं, आणि हल्ली तर एका दुपारी यंत्राकडून दहा लेख लिहवून घेता येतात. घ्या की. पण वाचकाला तिसऱ्या ओळीत कळतं, कारण त्यात हळदीचं बोट नसतं. आणि शोधात वर दिसण्यासाठी असा घाऊक माल ओतणं गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या धोरणात घातलंय.

पैसे कधी?

पाचवा लेख पडायच्या आत हा प्रश्न येतो. ॲडसेन्सचे, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे, पैसे १०० डॉलर जमेपर्यंत हातात पडत नाहीत, आणि छोट्या मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला फार वेळ लागतो. मग कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, "माझ्या ब्लॉगवर जाऊन जाहिरातीवर जरा टिचकी मारा." अशा विनवण्या नियमात बसत नाहीत आणि खातं बंद होऊ शकतं. जाहिराती लावायच्याच तर निदान मजकुराच्या पोटात चार लावू नका. विरार लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून वाचणाऱ्याचा अंगठा नको तिथेच पडतो आणि तो परत येत नाही.

बाकीच्या, पटापट

आकडे दर तासाला बघणं. ब्लॉगरच्या आकडेवारीत आधी स्वतःच्या भेटी मोजणं बंद करा. मग एका रात्रीत परदेशातून भसाभस भेटी आल्या तर पेढे वाटू नका, ते बहुधा बॉट असतात, म्हणजे माणसं नव्हेत, आपोआप फिरणारे प्रोग्रॅम.

जुन्या फॉन्टमधला मजकूर. दिवाळी अंकात छापून आलेला लेख डीटीपीवाल्याकडून मागवला, ब्लॉगवर चिकटवला, आणि दिसतात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो. कन्व्हर्टरने बदला, आणि मग जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. कन्व्हर्टर तिथेच चुकतो.

‘ॲ’ची भानगड. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक अखंड, आणि एक ‘अ’ला अदृश्य जोड देऊन वर चंद्र ठेवलेलं. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. एका ब्लॉगवर ‘ॲप’ हे लेबल (लेखाचा विषय सांगणारी चिठ्ठी) दोनदा दिसत होतं, अर्धे लेख एकात आणि अर्धे दुसऱ्यात, आणि लेखिकेला वाटत होतं ब्लॉगर बिघडलाय. एकच कीबोर्ड वापरा. जुनी लेबलं एकदा बसून एक करा.

थीम दर महिन्याला बदलणं. काळी पार्श्वभूमी, पडणारा बर्फ (मुंबईत!), घड्याळ. काढा. ‘मुक्ता’सारखा मोफत, स्वच्छ फॉन्ट घ्या, आकार मोठा ठेवा आणि दोन ओळींत अंतर सोडा, देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते.

फोनचा फोटो जसाच्या तसा चढवणं. चार-पाच एमबीचा एकेक फोटो असेल तर गाडी दोन स्टेशनं पुढे जाते तरी पान उघडत नाही. रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा. घरात काढलेल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते, तीही पुसा. गूगलवर सापडलेला फोटो ‘साभार: इंटरनेट’ लिहून लावणं ही परवानगी नव्हे, विकिमीडिया कॉमन्सवरून परवाना वाचून घ्या.

अख्खा लेख व्हॉट्सॲपवर टाकणं. तिसऱ्या फॉरवर्डला तुमचं नाव गळतं आणि चौथ्याला खाली दुसऱ्याचं येतं. पहिला परिच्छेद आणि लिंक, बस.

‘माझ्याविषयी’मध्ये ‘मी एक मनस्वी, पावसात भिजायला आवडणारी व्यक्ती’. तुम्ही कुठे राहता, काय करता, कशावर लिहिता ते लिहा. पावसात सगळेच भिजतात, सायन स्टेशनला तर नाइलाजाने.

आणि बॅकअप. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवता येतो, पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्या नावाने ठेवा. मी दर तिमाहीला दोन्ही एका पेनड्राइव्हवर उतरवते. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून घरातल्या एकाला तरी ब्लॉग कोणत्या ईमेलवर आहे ते सांगून ठेवा. काकांनी मुलीला सांगून ठेवलंय. भाच्याला नाही.