अपघातात पाय गेला, भरपाई कशी मागायची?

मी शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन गळीत हंगामात, ह्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून माहेरून परत येत होते. उसाचा ट्रॅक्टर शेतातल्या वाटेवरून न थांबता थेट रस्त्यावर आला आणि मागची दुसरी ट्रॉली माझ्या उजव्या पायावरून गेली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आमची केस दोन वर्षांच्या वर चालली. त्यातून जे कळलं ते लिहिते, कारण आता गावात असं काही झालं की लोक माझ्याकडेच येतात.

दवाखान्यातच काम सुरू होतं. ते पेशंटनं नाही, घरच्यांनी करायचं. आमच्याकडे धाकट्या भाऊजींनी केलं. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घ्या आणि गाडीचा नंबर स्वतः वाचून बघा. आमच्या कागदात ट्रॅक्टरचा नंबर होता, ट्रॉलीचा नव्हता. भाऊजींनी ठाण्यात चार चकरा मारून तो पुरवणी जबाबात घालून घेतला. पुढं विमा कंपनीनं ‘ट्रॉलीचा विमाच नाही’ असा मुद्दा काढला, तेव्हा या चकरांची किंमत कळली. (मालकानं विम्याची अट मोडली असेल तर कोर्ट कधी कधी कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. तेवढ्यावरून घाबरून दावा सोडू नका.) घटनास्थळाचा पंचनामा, इंज्युरी सर्टिफिकेट आणि पाय कुठून काढला हे स्पष्ट लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड, हे तिन्ही हवंच.

औषधांची बिलं लगेच झेरॉक्स करा. मेडिकलची ती गुळगुळीत कागदाची बिलं सहा महिन्यांत कोरी होतात. माझी नऊ बिलं अशीच गेली.

मे २०२५ पासून रस्ता अपघातात पहिल्या सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत बिनपैशाचा उपचार देणारी केंद्राची योजना आहे. माझ्या वेळी नव्हती, तुम्ही विचारा.

वॉर्डातच एक माणूस आला होता. गोड बोलून म्हणाला, ‘ताई, सगळं मी बघतो, मिळतील त्यातले तीस टक्के.’ सोबत कोरा वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र. सही करू नका. निकालाच्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमात बसतच नाही. शिवाय बाईला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, फोन १५१००. माझ्या वकील मॅडम तिथूनच मिळाल्या. फुकटच्या म्हणून कमी पडल्या असं एकदाही झालं नाही.

मुदत मात्र डोक्यात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात दावा करायला अपघाताच्या तारखेपासून सहा महिने लिहिलेत. पोलिसांनीही पन्नास दिवसांत अंतरिम आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. द्यायचा असतो आणि दिला यात फरक आहे, म्हणून तपासी अंमलदाराला विचारत राहा. दावा जिथं अपघात झाला तिथं, किंवा तुम्ही राहता तिथं करता येतो. पुण्याजवळ अपघात झाला म्हणून साताऱ्याच्या माणसानं पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही.

आणखी एक. त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर जखमेला अडीच लाख मिळतात, चूक कोणाची हे सिद्ध न करता. पण ते घेतले की मोठा दावा संपतो. पाय गेलेल्या माणसाला अडीच लाख म्हणजे काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डानं मला साठ टक्क्यांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट दिलं. मला वाटलं, झालं, हाच आकडा. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, हे शरीराचे टक्के. कोर्टाला कमाईचे टक्के लागतात.’ सुप्रीम कोर्टानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितलंय: डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते. भाजी विकणाऱ्या एका माणसाचा पाय गेला, त्याला २०१४ मध्ये पंच्याऐंशी टक्के धरले, आणि कमाईचा कागद नसताना महिना साडेसहा हजार मानले.

म्हणून पाय नेमकं कोणतं काम करत होता, ते तुम्हीच लिहून द्यायचं. डॉक्टर ते लिहीत नाही. मी एका पानावर माझा पूर्वीचा दिवस लिहिला. कटिंग उभ्यानं, टेबलावर वाकून, रोज अडीच-तीन तास. मशीन पायानं. अस्तर, कॅनव्हास, हुक आणायला आठवड्यातून दोनदा कराड, एसटीनं. शेजारी आत्ताचा दिवस: नकली पाय दोन तासांवर घातला की घामानं खुंटाला (कापलेल्या पायाच्या उरलेल्या टोकाला) फोड येतो, मग दोन दिवस पाय घालताच येत नाही.

कमाईचा पुरावा म्हणून माझ्याकडे बँकेत काही नव्हतं. होती मापाची वही. पानाच्या डाव्या बाजूला छाती, कंबर, बाही. उजवीकडे तारीख, शिलाई, ‘५० बाकी’. अशा सहा वह्या. मॅडमनी त्या तशाच, तेलाच्या डागांसकट दाखल केल्या आणि तीन गिऱ्हाइकांची साक्ष घेतली. मी महिना बारा हजार म्हटलं होतं, कोर्टानं नऊ मानले.

उलटतपासणीत कंपनीचे वकील म्हणाले, ‘मशीनला मोटर बसवता येते ना?’

‘येते. पण मोटरचं पायडलही पायानंच दाबायचं असतं, साहेब.’

‘डावा पाय आहे ना?’

‘आहे. त्यानं दाबते. पण कटिंगला उभी राहू शकत नाही. पूर्वी दिवसाला चार ब्लाउज व्हायचे, आता एक होतो.’

एकही होत नाही, असं म्हणायचा मोह झाला होता. बरं झालं, म्हटलं नाही. पुढचाच प्रश्न होता, ‘तुमच्या घरात सध्या मशीन आहे का?’ कोर्टानं ऐंशी टक्के धरले.

हिशोब असा होतो. नऊ हजार. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्याला भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के मिळवतात (२०१७ चा प्रणय सेठी निकाल), झाले १२,६००. गुणिले बारा महिने. मग वयाचा गुणक, म्हणजे वयाप्रमाणे ज्या आकड्यानं वर्षाची कमाई गुणतात तो: छत्तीस ते चाळीस वयाला पंधरा, एकेचाळीस ते पंचेचाळीसला चौदा, असा उतरत जातो. एकूण २२,६८,०००. त्याचे ऐंशी टक्के १८,१४,४००. साठच धरले असते तर १३,६०,८००. साडेचार लाखांचा हा फरक त्या एका पानाचा आणि सहा वह्यांचा.

याशिवाय दवाखाना, सोबतीचा माणूस, येणं-जाणं, वेदना, आणि नकली पाय. तो एकदा घेऊन भागत नाही, पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो, दरम्यान दुरुस्ती असतेच. २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं पुढच्या पायांचा आणि देखभालीचा खर्चही दिलाय. त्यामुळे पाय बनवणाऱ्याकडून किमतीचं, टिकण्याच्या वर्षांचं आणि दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या. तोंडी सांगितलेलं कोर्टात चालत नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवायचा अर्जही वेळेत द्या. डॉक्टर आले नाहीत म्हणून आमच्या चार तारखा गेल्या.

मधेच लोकअदालतीत कंपनीनं नऊ लाख देऊ केले. सासूबाई म्हणाल्या, घे आणि मोकळी हो. लोकअदालत वाईट नाही, पण तिथल्या तडजोडीवर अपील नसतं. खुंट पूर्ण बरा व्हायच्या आणि सर्टिफिकेट हातात यायच्या आधी तरी आकडा ठरवू नका. मी नाही म्हटलं. नंतर तीन रात्री झोप लागली नाही, तेही खरं.

निकालात बरीच रक्कम कोर्ट मुदत ठेवीत टाकतं. पाय घ्यायला किती रोख हवी, ते युक्तिवादाच्या वेळीच मागून ठेवा, नंतर प्रत्येक वेळी अर्ज करावा लागतो. मी मागायला विसरले, म्हणून निकालानंतरही चार महिने जुन्याच पायात कापडाच्या घड्या घालून काढले. घड्या अस्तराच्या कापडाच्या होत्या. सुती घाला, टेरिकॉट टोचतं.