बगॅसपासून ग्रीन मिथेनॉल: या चुका टाळा

बगॅस म्हणजे उसाचा चोथा. गॅसिफायरमध्ये त्याचा गॅस करायचा, त्यात विजेने केलेला हायड्रोजन मिसळायचा आणि कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) मिथेनॉल बनवायचं, असं हे काम आहे. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास 50 टक्के पाणी असतं. बॉयलर ते चालवून घेतो, गॅसिफायर घेत नाही. 15 टक्क्यांच्या खाली वाळवल्याशिवाय माल भरू नका. ओला माल गेला की तापमान पडतं, टार (डांबरासारखा चिकट पदार्थ) वाढतं आणि गॅस थंड होईल तिथे पाइपात बसतं.

पाचट शेतात फुकट पडलंय म्हणून त्यात मिसळू नका. गिरणीत बगॅस पाण्याने धुऊन निघतो, पाचट नाही. त्यातलं पोटॅश आणि क्लोरीन तसंच येतं. राख मऊ होऊन गॅसिफायरच्या बेडमधल्या तापलेल्या वाळूचे गोळे बांधते. बेडमधल्या दोन थर्मोकपलमध्ये (तापमापकांमध्ये) एरवी नसलेला फरक दिसू लागला की ओळखा. अशा वेळी ऑक्सिजन वाढवू नका. बेडमधली थोडी वाळू काढून चाळा, गोळे टाका, नवी वाळू भरा.

गॅसिफायरला हवा देऊ नका, तिच्यातला नायट्रोजन शेवटपर्यंत डोक्यावर बसतो. विजेने पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर दर किलो हायड्रोजनमागे 8 किलो ऑक्सिजन देतोच, तो वापरा. लाइन मात्र तेल-ग्रीसविरहित हवी.

सगळ्यात महाग चूक हिशोबातली. समजा कोरड्या गॅसमध्ये हायड्रोजन 38, कार्बन मोनॉक्साइड 32 आणि कार्बन डायऑक्साइड 24 टक्के आहे. ‘मोनॉक्साइडच्या दुप्पट हायड्रोजन’ म्हणून 26 भाग घातले की काम झालं असं वाटतं. खरं गुणोत्तर वेगळं: हायड्रोजनमधून डायऑक्साइड वजा करा आणि दोन्ही कार्बन वायूंच्या बेरजेने भागा. उत्तर 2.05 च्या आसपास हवं. 26 भाग घालून ते 0.7 येतं. सगळा डायऑक्साइड वापरायचा तर 100 घनमीटर गॅसला सुमारे 101 घनमीटर हायड्रोजन लागतो, म्हणजे 9 किलो, अंदाजे 500 युनिट वीज. कागदावर 80 किलो मिथेनॉल. डायऑक्साइड धुऊन 3 भागांवर आणला तर 37 घनमीटर, सुमारे 180 युनिट, आणि 50 किलो. वरच्या 30 किलोंसाठी 320 युनिट जातात. विजेचा दर बघून ठरवा.

कॉपर-झिंक कॅटॅलिस्टला गंधक 0.1 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 0.1 भाग) जास्त चालत नाही. क्लोरीन तर त्याहून वाईट. कॅटॅलिस्टच्या आधी विष पकडणाऱ्या गार्ड बेडचा क्रम उलटा लावला, म्हणजे गंधक पकडणारं झिंक ऑक्साइड आधी, तर क्लोरीन त्यालाच खातं. आधी क्लोरीन पकडा, मग गंधक. नवा कॅटॅलिस्ट रिड्यूस करताना (त्यातल्या ऑक्साइडचं तांबं करताना) नायट्रोजनमध्ये साधारण 1 टक्का हायड्रोजन ठेवा. घाईत टक्का वाढवला की तांब्याचे कण एकमेकांत मिसळतात; ती ताकद परत येत नाही.

उत्पादन घटलं तर रिअॅक्टरमधला सगळ्यात गरम बिंदू बघा. तो हळूहळू खाली सरकत असेल तर विष (गंधक, क्लोरीन) गॅससोबत येतंय. जागेवरच राहून मंदावला असेल तर तापमान जास्त ठेवलं गेलं. कंडेन्सरमध्ये मेण दिसलं तर साध्या पोलादी पाइपातून येणाऱ्या लोखंडाच्या कार्बोनिलवर (लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइडच्या संयुगावर) संशय घ्या.

डायऑक्साइड जास्त वापरला की कच्च्या मिथेनॉलमध्ये पाणीही वाढतं, एक तृतीयांशापर्यंत. ऊर्ध्वपातनाचा कॉलम त्या हिशोबाने घ्या. डिस्टिलरीतला जुना कॉलम बसेलच असं नाही.

मिथेनॉलच्या गळतीला आग लागली तर भर उन्हात ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. टाकीजवळ जाताना थर्मल कॅमेरा न्या.