गीझर दुरुस्त करावा की बदलावा?

गीझर गळू लागल्यास तो लगेच बदलण्याआधी पाणी नेमके कोठून येते ते पाहावे. मेन स्विच बंद करून नळीचे सांधे कोरडे पुसले आणि तासाभराने पुन्हा पाहिले, तर गळती सांध्यातून आहे की टाकीतून, हे बहुधा कळते. सांधा, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) बदलता येतो. आतली टाकीच गंजून फुटली असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

ज्या घरात बोअरचे जड पाणी वापरले जाते, तेथे एलिमेंटवर क्षारांचा थर साचतो, त्यामुळे पाणी उशिरा तापते आणि आतून तडतड आवाज येतो. अशा वेळी गीझर निकामी झाला असे न समजता तो आतून साफ करून घ्यावा, आणि टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड झिजला आहे का, हेही त्याच फेरीत मेकॅनिककडून तपासून घ्यावे. टाकीची वॉरंटी अनेकदा इतर भागांपेक्षा अधिक वर्षांची असते, म्हणून जुने बिल आधी शोधावे. पाण्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर तपासणी होईपर्यंत गीझर मुळीच सुरू करू नये.