कोणते नाना? मराठेशाहीचे कागद वाचायला बसणाऱ्यांसाठी

प्रबंधासाठी पहिल्यांदा दफ्तरात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, जाऊन बसलो तेव्हा मोडी वाचता येणं हीच काय ती अडचण आहे, अशी माझी समजूत होती. पाच-सहा महिन्यांत मोडी बऱ्यापैकी सुटायला लागली आणि खरी पंचाईत तिथून पुढे सुरू झाली. अक्षर लागायचं, वाक्य लागायचं, पण वाक्यातला माणूस लागायचा नाही.

मोडी नुकती सुटायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका रुमालातली पत्रं वाचून प्रत्येकाचं कार्ड करायचं काम माझ्याकडे होतं. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मीही पहिल्या दिवशी खिशातलाच समजलो होतो.) एका पत्रात किल्ल्यावरच्या शिबंदीचा (पगारी शिपायांचा) पगार थकल्याची तक्रार होती आणि ‘नानांस सांगावे’, ‘नानांची मर्जी’ असं तीन-चारदा आलं होतं. मी बिनधास्त कार्डावर लिहिलं, नानासाहेब पेशवे. त्याच झोकात रुमालातली बाकीची कार्डंही उरकली.

कार्डं तपासणाऱ्या बाईंनी काही न बोलता पत्राच्या तारखेवर बोट ठेवलं. तिथे होतं ‘सीत सबैन मया व अलफ’. “हे किती झाले?” मी गप्प. तो भाग मी प्रत्येक पत्रात सरळ सोडून देत होतो. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन, म्हणजे या कागदांत अरबी आकड्यांत लिहिली जाणारी कालगणना, ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. बाई म्हणाल्या, “नानासाहेब १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारले. चौदा वर्षांनी त्यांची मर्जी कोण सांभाळतंय?”

ते नाना होते नाना फडणीस. सदतीस कार्डं पुन्हा लिहिली.

गंमत अशी की ‘नाना’ सोडून खऱ्या नावाकडे गेलो असतो तरी वाचलो नसतो. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी आणि नाना फडणीस म्हणजेही बाळाजी. पहिल्या पेशव्याचंही नाव तेच. तिघांना वेगळं करतं ते बापाचं नाव: बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. त्यामुळे मुद्रेत, सहीत, हिशेबाच्या कागदात बापाचं नाव कुठे सापडतं का, हे आधी पाहायचं. ‘बाजीराव बल्लाळ’ मधलं बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा. ते दिसलं की थोरले बाजीराव. ‘बाजीराव रघुनाथ’ दिसलं की शेवटचे पेशवे. ‘माधवराव बल्लाळ’ म्हणजे १७७२ साली थेऊरला वारलेले, आणि ‘माधवराव नारायण’ म्हणजे नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेले सवाई माधवराव. (१८५७ च्या नानासाहेबांचं नाव मात्र धोंडोपंत. दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना १८२७ साली दत्तक घेतलं. ते आपल्या रुमालात सहसा येत नाहीत, पण शोधयंत्रात नाना टाकलात की सगळ्यांच्या आधी तेच हजर होतात.)

आणि हे पहिला-दुसरा प्रकरण डोक्यातून काढून टाका. ती आपल्या पाठ्यपुस्तकांची सोय आहे. ‘दुसरा बाजीराव’ असं स्वतः बाजीरावांनी कधी लिहिलेलं नाही. त्या काळचे लोक थोरले, धाकटे, सवाई असे शब्द वापरत, आणि त्यातला ‘थोरले’ फार फसवा. तो माणसाला चिकटलेला नसतो, लिहिणाऱ्याच्या वयाला चिकटलेला असतो. शाहूंच्या काळातल्या कागदात ‘थोरले कैलासवासी’ म्हणजे शिवाजी महाराज. तोच शब्द पन्नास वर्षांनंतरच्या कागदात आला तर शाहूच असू शकतात.

नावं इतकी का फिरतात, हे समजायला मला उशीर लागला. खरं तर आमच्याच घरात बघितलं असतं तरी समजलं असतं. गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या पाळण्यात येतं. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नातू झाला, तो बाळाजी. शिवाजी महाराजांचा थोरला भाऊ संभाजी कनकगिरीला मारला गेला, आणि १६५७ साली महाराजांना मुलगा झाला तो संभाजी. त्या संभाजी महाराजांना १६८९ मध्ये औरंगजेबानं मारलं. पुढे राजाराम महाराजांना राजसबाईपासून १६९८ साली मुलगा झाला, तोही संभाजी. माधवराव १७७२ ला गेले, पुतण्या १७७४ ला जन्मला, माधवराव. एकदा हे लक्षात आलं की नाव हा अडथळा न राहता पुरावा होतो. पाळण्यातलं नाव परत आलं की आधीचा माणूस बहुतेक गेलेला असतो. मी हा ठोकताळा म्हणून वापरतो, नियम म्हणून नाही.

याच रिवाजानं १७०७ साली जो गोंधळ घातला तो एकदा सावकाश समजून घ्या, कारण त्यावर अडखळला नाही असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. शिवाजी महाराज १६८० ला गेले. १६८२ मध्ये संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून शिवाजी. १६९६ मध्ये राजाराम महाराजांना ताराबाईंपासून मुलगा झाला, त्याचंही नाव आजोबांवरून शिवाजी. पहिला लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेला आणि तो पुढे शाहू म्हणूनच ओळखला गेला. दुसऱ्याला १७०० साली, वडील गेल्यावर, ताराबाईंनी गादीवर बसवलं. औरंगजेब मेल्यावर शाहू सुटून आले आणि १७०७ च्या ऑक्टोबरात खेडला लढाई झाली. म्हणजे एकाच गादीसाठी दोन चुलतभाऊ उभे, आणि पाळण्यातलं नाव दोघांचंही शिवाजी! १७०० ते १७१४ मधल्या कागदात ‘राजा शिवछत्रपती’ दिसलं आणि पत्र पन्हाळ्याच्या बाजूचं असेल, तर रायगड आठवायचा नाही. ते ताराबाईंचे चिरंजीव. १७१४ मध्ये ते आणि ताराबाई कैदेत पडले आणि गादीवर आले राजसबाईंचे संभाजी.

याच संभाजींनी १७३१ मध्ये शाहूंशी वारणेचा तह केला. आमच्या वर्गात एकानं हा तह भर चर्चासत्रात शिवपुत्र संभाजींच्या नावावर घातला होता. तो मी नव्हतो, एवढंच सांगतो.

त्याच दशकात तिसरे संभाजी कोकणात वावरत होते. सेखोजी आंग्रे १७३३ साली वारल्यावर सरखेली (आरमाराचं प्रमुखपद) त्यांचा भाऊ संभाजीकडे आली. आता १७३५ चं पत्र हातात आहे आणि मजकुरात नुसतं ‘संभाजी’ आहे. काय कराल? अशा वेळी मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं संबोधन, वाचायचा. नवखे लोक मायना गाळून थेट मजकुरावर उडी मारतात, कारण तो सगळीकडे सारखाच लांबलचक वाटतो. तसा तो नसतो. ‘क्षत्रियकुलावतंस’ आणि ‘छत्रपती स्वामी’ असेल तर समोर राजा आहे. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असेल तर सरदार, आणि पुढे ‘सरखेल’ असेल तर आंग्रे. मायन्यात माणसाची पायरी लिहिलेली असते, आणि तीन संभाजी एकाच पायरीवर क्वचितच उभे असतात. इंग्रजांच्या वखारीचे कागद वाचणाऱ्यांना ही सोय नाही. तिथे कान्होजींपासून तुळाजींपर्यंत सगळे नुसते ‘आंग्रिया’. तिथे तारीख आणि बंदर या दोनच गोष्टी हाताशी धरायच्या. विजयदुर्ग असेल तर संभाजी किंवा तुळाजी, कुलाबा असेल तर मानाजी, अशी सुरुवात तरी करता येते.

बायकांच्या बाबतीत हे जास्त अवघड, कारण बापाचं नावही लिहिलेलं नसतं. जिजाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती. पण १७६० ते १७७३ कोल्हापूरचं राज्य सांभाळणाऱ्याही जिजाबाईच, त्याच वारणेच्या तहातल्या संभाजींच्या राणी. देहूच्या तुकोबांच्या आवलीचं नावही जिजाबाई. पाचाडला १६७४ च्या जूनमध्ये वारलेल्या जिजाबाईंच्या नावावर शंभर वर्षांनंतरचा कागद लावलेला मी पाहिला आहे, आणि लावणारा माणूस मुळीच अडाणी नव्हता. ओळखीचं नाव दिसलं की डोळे तारखेकडे जातच नाहीत.

संतांच्या वाङ्मयाकडे जाणार असाल तर तिथे नाममुद्रेवर विसंबू नका. ‘नामा म्हणे’ असलं की तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव, असं धरून चालत नाही. विष्णुदास नामा नावाचा नंतरचा कवी आहे, आणि कोणती रचना कुणाची यावर अभ्यासक कितीतरी वर्षं वाद घालताहेत. तिथे भाषेचं वय आणि हस्तलिखिताचं वय बघावं लागतं. तो वेगळा अभ्यास आहे, माझा नाही. माझा अनुभव मोरोपंतांपुरता: शिवकाळातले पेशवे मोरोपंत पिंगळे, बारामतीचे कवी मोरोपंत आणि झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे. एका जुन्या सूचीत तिघांचे पृष्ठांक एकाच नोंदीखाली निघाले.

दत्तकांचं एक वेगळंच. नाव गादीबरोबर मिळतं, जन्माबरोबर नाही. आरक्षणाचा १९०२ चा जाहीरनामा काढणारे कोल्हापूरचे शाहू महाराज जन्मानं कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. साताऱ्याचे शाहू १७४९ मध्येच वारलेले. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, तरी महाजालावर एकाच्या चरित्राला दुसऱ्याचं चित्र लावलेलं हमखास सापडतं.

करायचं काय, तर एक साधी वही घाला. मी दोनशे पानी वही अक्षरवार पाडली आणि प्रत्येक नावाखाली ओळी आखल्या: बापाचं नाव, टोपणनाव, कुठून कुठपर्यंत हयात, कुठे मुक्काम, कोणत्या मायन्यानं उल्लेख. बाळाजीचं पान पहिल्या वर्षातच भरलं. ज्याची ओळख पटत नाही त्याला अंदाजानं ओळख देऊ नका, प्रश्नचिन्ह ठेवा. अनेक पत्रांवर साल नसतंच, नुसता ‘छ’ घालून चंद्राची तारीख आणि महिना असतो. अशा वेळी त्याच पत्रातली बाकीची माणसं बघा. एका नावावर भांडत बसण्यापेक्षा चार नावं एकाच वेळी कधी हयात होती हे काढणं सोपं जातं. माझ्या वहीत अजून अकरा ‘नाना?’ आहेत.

एवढं सगळं करून प्रबंध टंकलेखनाला दिला. सूचीत मी चिमाजी आप्पा मुद्दाम दोनदा घातले होते, एक थोरल्या बाजीरावांचे भाऊ, दुसरे रघुनाथरावांचे चिरंजीव. टंकलेखकानं नोंद चुकून दोनदा पडली असं समजून भल्या मनानं ती एक करून टाकली. तपासणीला गेलेल्या प्रतीत १७३९ साली वसई घेणारे चिमाजी आप्पा १७९६ मध्ये पेशवेपदाची वस्त्रं घेताना दिसत होते, आणि मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्यांच्या वयाचा आला.