पोस्टर खालून वर वाचा: सिअॅटलच्या उन्हाळ्यात नवे बँड कसे शोधायचे

उन्हाळी फेस्टिव्हलचं पोस्टर आलं की मी ते खालून वर वाचते. वरची तीन नावं एवढ्या मोठ्या अक्षरांत असतात की ती बसमधूनही दिसतात. तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखी वीस-पंचवीस नावं कोंबलेली असतात. त्यांतली बरीचशी इथलीच, सिअॅटल, टकोमा, ऑलिंपिया नाहीतर बेलिंगहॅमची. मला हवे असतात ते बँड तिथे असतात.

ही सवय पुण्याची आहे. सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा बाबा आम्हाला दुपारी तीनलाच नेऊन बसवायचे. मोठी नावं रात्री, पण तीन वाजता कुणीतरी कोवळा गायक घाबरत घाबरत षड्ज लावायचा आणि अर्धा मंडप साबुदाणा वड्याच्या रांगेत. बाबा त्या रांगेकडे बघून चिडायचे. मला तेव्हा वडा हवा असायचा, हे कबूल करते.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी नेमकं उलटं केलं. एका मोठ्या फेस्टिव्हलचा तीन दिवसांचा पास काढला, संध्याकाळी सातला रुबाबात पोचले आणि मुख्य बँडच्या नावाने चारशे लोकांची डोकी आणि तेवढेच फोन बघून परत आले. मधे फ्राइजच्या रांगेत उभी होते तेव्हा मागच्या छोट्या स्टेजवरून एका मुलीचा आवाज आला. खर्जातला, जरा खरखरीत, आणि मागे बास असा चालत होता की रांगेतला माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. फ्राइज हातात येईपर्यंत त्यांचा सेट संपला होता. नावही कळलं नाही. घरी येऊन वेळापत्रकात त्या वेळेला त्या स्टेजवर कोण होतं ते शोधावं लागलं. तेव्हापासून गेटमधून आत शिरल्या शिरल्या मी वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढते. तुम्हीही काढा, आत नेटवर्क रडतं.

आता घरी बसून करायचं काम. पोस्टरच्या तळातलं एकेक नाव घ्यायचं आणि बँडकॅम्पवर, म्हणजे बँड स्वतःची गाणी जिथे थेट विकतात त्या संकेतस्थळावर, टाकायचं. तिथे बहुतेक बँड आपल्या पानावर गावाचं नाव लिहितात, त्यामुळे स्थानिक कोण ते लगेच कळतं. मग त्याच नावाचं लाइव्ह सेशन सापडतं का ते बघायचं. अल्बम नंतर. अल्बममध्ये बेसूर जागा दुरुस्त करता येतात, गाणं तुकड्या-तुकड्यांनी जोडता येतं. सेशनमध्ये बँड एका खोलीत उभा राहतो आणि एका दमात वाजवतो. पुढे मैदानात तुम्हाला जे ऐकू येणार आहे, ते याच्या जवळचं असतं.

सेशन म्हटलं की सिअॅटलमध्ये एकच नाव आधी तोंडात येतं: केईएक्सपी, ९०.३ एफएम. हे रेडिओ स्टेशन १९७२ साली वॉशिंग्टन विद्यापीठात केसीएमयू या नावाने सुरू झालं आणि २००१ मध्ये केईएक्सपी झालं. त्यांच्या स्टुडिओतले, मागे दिव्यांच्या माळा लावलेले व्हिडिओ तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतील. साधारण चार गाणी आणि मधे निवेदकाशी गप्पा. जगभरचे बँड तिथे येतात, म्हणून एक युक्ती लक्षात ठेवा. व्हिडिओंच्या समुद्रात पोहण्यापेक्षा त्यांचा 'ऑडिओएसिस' हा कार्यक्रम धरा. तो खास या भागातल्या संगीतासाठी आहे. केसीएमयूच्या काळात तो जॉनथन पोनमन करायचा, आणि पुढे ब्रूस पॅव्हिटबरोबर त्याने सब पॉप हे रेकॉर्ड लेबल उभं केलं. पुढे हा कार्यक्रम 'द ब्लॅक टोन्स' या इथल्याच बँडची गायिका-गिटारिस्ट ईव्हा वॉकर हिनेही केला आहे. ती आणि तिचा ड्रमवादक भाऊ सेड्रिक जुळे आहेत. स्वतः छोट्या स्टेजांवर घाम गाळलेली बाई दुसऱ्यांचे बँड रेडिओवर लावते, तेव्हा निवडीत फरक पडतो. मी भांडी घासताना ऐकते आणि एखाद्या गाण्याला हात थांबला की फ्रीजवरच्या कागदावर नाव लिहिते. कागदावर साबणाचे डाग असतात, पण नावं बरोबर असतात.

सेशन ऐकायची माझी पद्धत सांगते. पहिलं गाणं स्क्रीन उलटी ठेवून. दिसणं, कपडे, केस सगळं बाजूला पडतं. दुसऱ्या गाण्याला स्क्रीन सुलटी करायची आणि फक्त ड्रमवाल्याकडे बघायचं. ही बाबांची शिकवण आहे, ते तबलजीकडे बघतात. गाणारा घाबरला तर सगळ्यांना दिसतं, पण ताल धरणारा घाबरला तर गाणं हळूहळू पळायला लागतं आणि कुणाला का ते कळत नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत लय जागेवर असेल तर तो बँड माझ्या यादीत.

केईएक्सपीची जागा २०१५च्या शेवटापासून सिअॅटल सेंटर या संकुलात आहे, स्पेस नीडल या मनोऱ्यापासून चालत काही मिनिटांवर. बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये कॉफी मिळते, बसायला कोच आहेत, कुणी उठवत नाही. काही सेशन लोकांना समोर बसून बघता येतात, फुकट, पण जागा मोजक्या असतात. जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर कार्यक्रमांची यादी बघा आणि वेळेआधी पोचा. वेस्टलेकहून मोनोरेल घ्या. गाडी नेलीत तर पार्किंगच्या पैशात एक एलपी आली असती.

आता उन्हाळा. इथे जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि आठ महिने पाऊस झेललेली माणसं वेड लागल्यासारखी बाहेर पडतात. पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीत, सिअॅटल सेंटरमध्येच भरणाऱ्या नॉर्थवेस्ट फोकलाइफ या महोत्सवाला जा. १९७२ पासून चालू आहे, प्रवेश फुकट, दारात देणगीचा डबा. स्टेजवरचे कार्यक्रम आहेतच, पण मी वाटेवर वाजवणाऱ्यांसाठी जाते. कारंज्याच्या आसपास दर वीस पावलांवर कुणीतरी गिटारची पेटी उघडून उभं असतं. नियम एवढाच ठेवा: पाय थांबला तर दोन पूर्ण गाणी उभं राहायचं. एक गाणं कुणाचंही चांगलं असतं. दुसरं चांगलं निघालं तर पेटीत पाच डॉलर आणि त्यांच्या पुठ्ठ्यावरच्या नावाचा फोटो.

जुलैत बॅलर्डचा सीफूडफेस्ट आणि वेस्ट सिअॅटलचा समर फेस्ट, दोन्ही रस्त्यावर, दोन्हीकडे स्थानिक बँड, आणि पोरं कागदी प्लेट घेऊन पायांत घुटमळत असतात. ऑगस्टमध्ये केईएक्सपीचे सिअॅटल सेंटरच्या म्युरल ॲम्फिथिएटरमधले फुकट कार्यक्रम. हे ॲम्फिथिएटर म्हणजे हिरवळीचा उतार, आणि स्टेजमागे पॉल होरिउची यांनी १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं काचेच्या तुकड्यांचं प्रचंड भित्तिचित्र. चटई, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यात थालीपीठ. शेजारची मंडळी वास घेऊन मान वळवतात, त्यातून ओळखी होतात.

तिकीटवाल्यांत कॅपिटल हिल ब्लॉक पार्टी जुलैत होत आली आहे, १९९७ पासून, पाइक स्ट्रीट बंद करून. तिथे रस्त्यावरच्या मोठ्या स्टेजपेक्षा मला आतल्या जागा आवडतात. न्यूमोस या क्लबच्या तळघरात बार्बोझा ही छोटी जागा आहे, छत डोक्याला लागेल असं वाटतं, आणि तिथे बँड तुमच्यापासून चार फुटांवर असतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत बंबरशूट, १९७१ पासूनचं. त्याचं नाव म्हणजे छत्री, हे सिअॅटलकरांचं स्वतःवरचं हसणं. दोन्हींसाठी माझा सल्ला एकच, दुपारी दार उघडताच जा आणि मुख्य बँड सुरू व्हायच्या आधी निघा. मैत्रिणी मला वेडी म्हणतात.

दारावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी बाबा पुण्याहून आले होते, वय ७१. मी त्यांना एका छोट्या जागी मंगळवारच्या गिगला घेऊन गेले. जागा २१ वर्षांवरच्यांसाठी. दारातला पोरगा म्हणाला, ओळखपत्र. बाबांनी टोपी काढून डोकं दाखवलं. पोरगा हसला, पण आत सोडलं नाही, कारण त्यांचा पासपोर्ट घरी कपाटात होता आणि फोनमधला आधारचा फोटो तिथे चालत नाही. बाबांना सगळ्यात राग कशाचा आला असेल तर आतून ड्रम ऐकू येत होते याचा. आई-बाबा आले असतील तर पासपोर्ट बरोबर घ्याच, आणि तिकिटावर '२१+' आहे की 'ऑल एजेस' ते आधी वाचा. सोळा वर्षांचं पोर घेऊन बारमधल्या गिगला जाता येत नाही, मग तुम्ही आई असा नाहीतर आजी.

पोरं बरोबर असतील तर व्हेरा प्रोजेक्ट, सगळ्या वयांसाठी खुली असलेली संगीताची जागा. हीही जागा सिअॅटल सेंटरमध्येच. तिच्यामागे या शहराची एक जुनी खोड आहे. १९८५ मध्ये इथल्या कौन्सिलने टीन डान्स ऑर्डिनन्स केला. अल्पवयीन मुलांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमासाठी दहा लाख डॉलरचा विमा आणि ड्यूटीवर नसलेले पोलीस ठेवायची सक्ती. एवढे पैसे कुठला छोटा आयोजक आणणार? ज्या शहराने ग्रंज हा रॉकचा प्रकार जगाला दिला, तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांना स्वतःच्या गावचे बँड बघायला जागा उरली नव्हती. तो कायदा २००२ मध्ये गेला. व्हेरा २००१ मध्ये, त्याच लढ्याच्या काळात सुरू झाली. आजही साउंडबोर्डवर, तिकिटांवर, स्क्रीन प्रिंटिंगला तरुण स्वयंसेवक असतात. माझी लेक तिथे टी-शर्ट छापायला शिकली आणि पहिल्याच दिवशी माझी चांगली कुर्ती निळी करून आणली. तिच्याकडून मला जेवढे बँड कळतात तेवढे कुठल्याही ॲपवरून कळत नाहीत.

फेस्टिव्हल संपले की खरी मेहनत आठवड्याच्या मधल्या रात्रींची. बॅलर्डला ट्रॅक्टर टॅव्हर्न आणि सनसेट टॅव्हर्न एकाच रस्त्यावर आहेत. तिथूनच जवळ कॉनर बर्न पब, जिथल्या ओपन माइकला, म्हणजे हवं त्याने चढून गायच्या रात्री, 'द हेड अँड द हार्ट' या बँडमधली मंडळी एकमेकांना भेटली. तिकिटावर 'डोअर्स' आणि 'शो' अशा दोन वेळा असतात. डोअर्स म्हणजे दार उघडतं, शो म्हणजे पहिला बँड चढतो. बहुतेक रात्री तीन बँड असतात, शेवटचा बाहेरगावचा आणि आधीचे एक-दोन इथले. पहिला बँड चढतो तेव्हा समोर आठ-दहा माणसं असतात, त्यात दोन ड्रमवाल्याच्या घरची. तुम्ही अकरावे व्हा.

कानात बोळे घाला. मोठ्यांनी फोमचे, लहानांना हेडफोनसारखे कान झाकणारे. यावर वाद नको.

सेट संपला की मागच्या टेबलाशी जा. टी-शर्ट, कॅसेट, स्टिकर मांडलेले असतात आणि पाच मिनिटांपूर्वी स्टेजवर असलेला माणूसच सुटे पैसे शोधत असतो. "छान वाजवलंत" म्हणून निघू नका. "अजून कुणाला ऐकू?" हे विचारा. बँडवाल्यांना दुसऱ्या बँडबद्दल बोलायला फार आवडतं. एका रात्री एका गिटारवाल्याने माझ्या बसच्या तिकिटामागे पाच नावं लिहून दिली, पाचपैकी चार मी आजही ऐकते. विकत घ्यायचं असेल तर तिथेच घ्या, नाहीतर बँडकॅम्पवर. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के घेतं, आणि बँडकॅम्प फ्रायडे हा त्यांचा ठरावीक शुक्रवार असला की तोही वाटा सोडून देतं.

शेवटची गोष्ट वहीची. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे, आईने पाठवलेली. प्रत्येक बँडला एक ओळ: तारीख, जागा, कोण वाजवत होतं. वाजवणाऱ्यांची नावं लिहायला मी उशिरा शिकले. इथे बँड मोडतात, माणसं वाजवत राहतात. चॅस्टिटी बेल्टची ज्युलिया शपिरो, टॅकोकॅटची ब्री मकेना आणि पोनी टाइमची स्टेसी पेक या तिघींनी मिळून 'चाइल्डबर्थ' नावाचा वेगळाच बँड काढला होता. एक नाव धरलं की तीन बँड हाताला लागतात. फ्राइजच्या रांगेतल्या त्या बँडचंही तसंच झालं. मी त्यांना दोनदाच ऐकलं आणि ते थांबले. गायिका पोर्टलंडला गेली असं कळलं. पण गेल्या जुलैत वेस्ट सिअॅटलच्या रस्त्यावर दुपारी दोनच्या उन्हात एक नवा बँड चढला, आणि दुसऱ्याच गाण्याला माझा पाय ओळखीच्या जागी ठेका धरायला लागला. वही उघडून बघितलं. बासवाला तोच होता.