आखाड संपायच्या आत जास्तीचे कोंबडे वेगळे काढा

आखाड संपत आलाय. या महिन्यात विकले गेले ते कोंबडे गेले, राहिलेले आता श्रावणभर कोणी विचारत नाही. पुढं गणपती, महालक्ष्म्या, मग घट, म्हणजे दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक थंडच. आणि नेमकं याच दिवसात आपल्याकडं दरवर्षी कोंबड्या मरतात, लोक म्हणतात मानमोडी आली, साथ आली. साथ असती ना तर पिल्लं, कोंबडे सगळेच पडले असते. मरतात फक्त अंड्यावरच्या कोंबड्या, याचा विचार कोणी करत नाही.

मी पशुसखीचं, म्हणजे गावोगावी जनावरं-कोंबड्यांच्या देखभालीचं काम करते, परभणी-हिंगोलीकडच्या गावांत फिरते. गेल्या पावसाळ्यात एका मावशीनं कोंबडी दाखवायला आणली. पंख लोंबलेले, डोळे अर्धे मिटलेले, दाणा टाकला तरी टोचंना. मावशीनं आधीच दुकानातून चारशे रुपयांची टॉनिकची बाटली आणून चार दिवस पाण्यातून पाजलेली. मी पंख उचलला तर आधी वास आला. पंखाच्या खाली बरगडीवर बोटभर चीर, कातडं दोन्ही बाजूला उलटलेलं आणि आत पांढऱ्या आळ्या वळवळायलेल्या. वरून पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं, पिसांनी सगळं झाकलेलं. तिच्याकडं कोंबड्या होत्या अकरा आन् कोंबडे सहा. आखाडात भाव पडला म्हणून विकले नव्हते, राहू दे म्हणली, दसऱ्याला बघू.

हे होतं कसं ते समजून घ्या. कोंबडा पाठीवर चढतो तेव्हा तोल सांभाळायला नखं रोवतो, आणि वय झालेल्या कोंबड्याच्या पायामागचा काटा सुरीसारखा चिरत जातो. एकच कोंबडा असंल तर कोंबडीची जखम भरायला वेळ मिळतो. सहा असले की एक उतरला की दुसरा, तिसरा, आणि त्यांच्या भांडणात एकाचंही काम नीट होत नाही म्हणून अंडी उलट जास्त पोकळ निघतात. त्यात पावसाची ओल, निळ्या-हिरव्या माशा, मग एका दिवसात आळ्या पडतात.

अन् माझा अंदाज सांगते, पुस्तकात नाही पण दहा गावांत पाहिलेलं आहे, पाठ सगळ्यात जास्त उघडी पडलेली कोंबडी बहुतेक वेळा तुमची सगळ्यात चांगली अंडी देणारी असते, कारण अंड्यावरची कोंबडी कोंबड्यापुढं लवकर बसते. म्हणजे ज्या माईची पिल्लं धरायची तीच आधी जाते. मग कसली निवड अन् कसली पैदास.

तर करायचं काय. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा, बस. बाकीचे आजच रात्री वेगळे करा. रात्रीच, अंधार पडल्यावर, तेव्हा पक्षी शांत असतो, धावाधाव होत नाही. पाय धरून उलटा लटकवू नका, दोन्ही हातांनी पंख मिटून छातीखाली आधार देऊन उचला. जास्तीचे कोंबडे एकत्र ठेवले तर एकमेकांचे जीव घेतील असं सगळे म्हणतात. सहसा तसं होत नाही, अट एकच, त्यांना कोंबड्या दिसायला नको. घराच्या मागं, गोठ्याच्या पलीकडं जुन्या साड्या-गोणपाटाचा आडोसा करा, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा. एकत्र वाढलेले असतील तर दोन दिवस गुरगुर करून गप होतात. नवा कोंबडा मात्र मधेच त्यात सोडू नका, त्याला फोडून काढतील. आणि तिसऱ्या महिन्यात नर ओळखू यायला लागले की तेव्हापासूनच वेगळे वाढवा, आरवायची वाट पाहू नका.

ठेवायचा कोंबडा कोणता? मोठा तुरा आन् वजन बघून ठेवतात, ते चुकतं. दाणा दिसल्यावर आधी टकटक करून कोंबड्यांना बोलावतो, त्या खाल्ल्यावर मग स्वतः खातो, तो ठेवा. कोंबडीच्या मागं लागून डोक्याची पिसं उपटतो किंवा लेकरांवर धावून येतो तो ठेवू नका, पिल्लांतही तसाच स्वभाव उतरताना मी पाहिलाय. बोटं सरळ, छातीचं हाड सरळ, आई भरपूर अंड्याची. बापाखाली लेकी ठेवू नका, वर्षाला कोंबडा बदला, शेजारच्या गावातल्या चांगल्या कोंबड्याशी अदलाबदल करा, पैसे लागत नाहीत. पायात रंगीत दोरा बांधा म्हणजे कोण कोणाचं ते कळतं, दोरा पाय वाढंल तसा सैल करत जा.

"ओरिजनल ब्रीडर नर" म्हणून दीड-दोन हजाराला विकायलेत, त्यांना आईबाप विचारा, सांगता येत नाही. वनराज, गिरिराज या सुधारित जातींची पिल्लं अंड्या-मांसाला चांगली, पण त्यांच्या अंड्यांतून पुढची पिढी तशीच निघत नाही आणि त्या कोंबड्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत. फर्टिलिटी टॉनिकनं तर जास्तीच्या कोंबड्यांचा प्रश्न सुटत नाहीच, पैसा उगंच जातो.

ठेवलेल्या कोंबड्याची नखं अन् काट्याचं फक्त टोक कानशीनं घासा, मोडू नका, आत रक्ताची नस असते.

दर आठ दिवसांनी प्रत्येक कोंबडीचा पंख उचलून बघा. जखम दिसली तर:

- कोंबडी वेगळी, कोरड्या जागी
- आजूबाजूची पिसं कापा
- एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ, त्यानं धुवा
- आळ्या चिमट्यानं काढा, खोल असतील तर कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइनचे दोन-तीन थेंब जखमेच्या तोंडाशी धरा, बाहेर आल्या की पुन्हा धुवा
- पोव्हिडोन आयोडीन दिवसातून दोनदा
- खोल चीर असंल तर सरकारी दवाखाना

रॉकेल, फिनेल, मिरची, कपाशीवरची औषधं जखमेत घालू नका. मी त्यानं मेलेल्या कोंबड्या पाहिल्यात.

बाकी नेहमीचं (लसीपुढचे दिवस-आठवडे म्हणजे पक्ष्याचं वय):

- लासोटा (मानमोडीची लस): 5 ते 7 दिवस, डोळ्यात एक थेंब
- गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची लस): 14 दिवस
- लासोटा पुन्हा: 28 दिवस
- आर टू बी (मानमोडीचीच, इंजेक्शनची लस): 8 आठवडे, 0.5 मिली, बर्फात आणा, आजारी पक्ष्याला नको
- भिजलेला, बुरशी आलेला मका नको, कच्चं सोयाबीन नको
- खुराड्यात राख अन् कडुनिंबाचा पाला
- मंगळवार-शुक्रवारचा परभणी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला बघा, झड लागणार असंल तर आधीच कोरडा भुसा पसरा

एक हिशोब लक्षात ठेवा. वेगळा काढला तरी आधीच्या कोंबड्याचं बी कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. अमावास्येला कोंबडे काढले तर गोकुळाष्टमीनंतरची अंडी खरी तुमच्या निवडलेल्या नराची. त्याच्या आधीची खा नाहीतर विका. सात दिवसांच्या आतली दहा-बारा अंडी पोळ्याला खुडूक कोंबडीखाली ठेवली की 21 दिवसांनी, पितृपक्षात पिल्लं निघतात, पाऊस ओसरलेला असतो, आणि त्यातले नर धुळवडीच्या बाजाराला तयार होतात.